गच्चीवर बसून ताऱ्याचा उजेड मोजताना

डिसेंबर महिना होता. इशाची नमाज होऊन गेली होती. पिंपरीच्या नेहरूनगरमधल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आम्ही चौघी जणी बसलो होतो: मी, माझ्या नववीच्या वर्गातल्या दोन मुली आणि त्यांपैकी एकीची अम्मी. अम्मींनी शाल गुंडाळून घेतली होती, थर्मासमध्ये चहा आणला होता आणि अर्धा तास त्या गप्प बसून आमचा उद्योग पाहत होत्या. तिपाईवर कॅमेरा, त्याचे तोंड आभाळाकडे, आणि त्यांची लेक दर पाच सेकंदांनी बटण दाबून वहीत काहीतरी लिहिते आहे. शेवटी त्यांच्याने राहवले नाही. आमच्या घरच्या बोलीत त्यांनी विचारले, "टीचर, तारे नापके क्या मिलनेवाला है?"

प्रश्न रास्त होता. ज्या घरात कर्ता माणूस चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबतो, त्या घरातल्या आईने हा प्रश्न विचारायलाच हवा. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, ते मला स्वतःलाच फारसे पटले नाही. नीट उत्तर पुढच्या दोन महिन्यांत मिळाले, आणि ते मी नव्हे, त्यांच्या मुलीने आणि तिच्या अब्बांनी दिले. मधल्या काळात मी एक चूक केली. तीही सांगणार आहे, कारण शिक्षकाच्या हातून घडलेल्या चुका सहसा छापून येत नाहीत.

आपण सगळे आभाळ पाहणारी माणसे आहोत. रमजानचा आणि ईदचा चांद पाहायला घरातली लहानथोर मंडळी गच्चीवर जातात. पण चांद पाहताना प्रश्न "दिसला की नाही" एवढाच असतो. ताऱ्याच्या बाबतीत आम्ही विचारत होतो, "किती दिसला?" ताऱ्याकडून आपल्यापर्यंत किती प्रकाश पोहोचला हे आकड्यात सांगणे, याला प्रकाशमापन म्हणतात. सगळे तारे कायम एकसारखे तेवत नाहीत. काही फुगतात आणि आकसतात, काहींच्या समोरून त्यांचा जोडीदार जातो. असे बदलणारे तारे हजारोंच्या संख्येने आहेत आणि मोठ्या दुर्बिणींना सगळ्यांकडे रोज पाहायला सवड नसते. म्हणून या एका शास्त्रात घरच्या गच्चीवरून केलेले काम आजही कामाला येते.

आम्ही निवडलेला तारा ययाती या तारकासमूहातला आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला अल्गोल म्हणतात. मूळ अरबी नाव रअसुल-गूल, म्हणजे राक्षसाचे डोके. मुलींना हे सांगितल्यावर त्या खूष झाल्या, कारण घाबरवणारी गोष्ट सगळ्यांनाच आवडते. त्या नावामागे ग्रीक कथेतली राक्षसी आहे, पण अरबी रूप टिकले ते आपल्या खगोलज्ञांमुळे. इस्फहानचे अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. ९६४ मध्ये स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला. त्यांच्याआधी आठशे वर्षे लोक टॉलेमीची तारासूची उतरवून घेत होते. सूफींनी मात्र प्रत्येक तारा स्वतः पाहिला आणि त्याची तेजस्विता स्वतः ठरवली. जिथे टॉलेमीशी पटले नाही तिथे तसे लिहिले. "तिसऱ्या प्रतीचा, पण जरा कमी" अशा मधल्या पायऱ्याही त्यांनी वापरल्या. यंत्र कोणतेही नाही, फक्त डोळे. तरीही त्यांचे अंदाज आजच्या मापांशी ताडून पाहावेत इतके चांगले आहेत.

अल्गोल ठरावीक काळाने मंदावतो हे नेमके सांगितले ते इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या जॉन गुडरिक या तरुणाने, १७८३ मध्ये. त्याचे वय तेव्हा अठरा होते आणि त्याला ऐकू येत नव्हते. शेजारच्या मित्राबरोबर तो रात्रीमागून रात्री तारे पाहत असे. त्याने अंदाज बांधला की या ताऱ्याभोवती एक अंधारी वस्तू फिरते आणि मधूनमधून त्याला झाकते. शंभरेक वर्षांनी, १८८९ मध्ये, हे वर्णपटावरून सिद्ध झाले. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्यासमोर येतो. सगळे ग्रहण सुमारे दहा तास चालते. एरवी २.१ प्रतीचा तारा ३.४ प्रतीपर्यंत उतरतो, म्हणजे त्याचा उजेड एक तृतीयांशाहून कमी राहतो. गुडरिक एकवीस वर्षांचा असतानाच वारला. माझ्या वर्गात ऐकू कमी येणारी एक मुलगी आहे. हा भाग मी तिच्याकडे न बघता सांगितला, पण तिला समजले.

प्रतींचा हिशेब उलटा असतो, हे आधी मनात पक्के करावे लागते. आकडा लहान म्हणजे तारा तेजस्वी. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा १०० पट प्रकाश देतो, म्हणजे एका प्रतीचा फरक सुमारे अडीच पटीचा. हे शंभराचे प्रमाण १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी सुचवले. पुढे तेच पॉगसन मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि तिथेच वारले.

आता साहित्य. दुर्बीण लागली नाही. माझा एक भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याने जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स दिली, अट एवढीच की लग्नाच्या तारखा सोडून. तिपाई त्याचीच. लॅपटॉप माझा. ‘सिरिल’ आणि ‘ॲस्ट्रोइमेजजे’ हे दोन प्रोग्रॅम मोफत उतरवून घेतले. खर्च म्हणावा तर एक लांब वायरीचे बटण, कारण बोटाने दाबले की कॅमेरा हलतो.

"पिंपरीतून तारे कुठे दिसतात?" असे मला शाळेतल्या एका सहकाऱ्याने हसून विचारले होते. खरेच आहे. पूर्वेला भोसरी एमआयडीसीचा उजेड, उत्तरेला मोशी-चाकणच्या बाजूला केशरी धूसरपणा, थंडीत धुके आणि धूर. चांगल्या रात्रीही डोळ्यांना तिसऱ्या प्रतीच्या पलीकडचे फारसे दिसत नाही. पण प्रकाशमापनाची खुबी अशी की आपण ताऱ्याचा उजेड एकटा मोजतच नाही. त्याच फोटोत दुसरा एक न बदलणारा तारा घेतो, ज्याची प्रत आधीच माहीत आहे, आणि दोघांची तुलना करतो. धुके आले तर दोघांवर सारखेच येते. आकाश उजळ असेल तर ताऱ्याभोवतीच्या रिकाम्या जागेचा उजेड मोजून तो वजा करता येतो. अट एवढीच की दोन्ही तारे आभाळात साधारण सारख्याच उंचीवर हवेत आणि क्षितिजाच्या फार जवळ नकोत, कारण खालच्या बाजूला प्रकाशाला जास्त हवेतून यावे लागते. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास अल्गोल डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो. त्या वेळी भोसरीचा उजेडही फारसा आडवा येत नाही.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा ठरवली की बदलायची नाही. फोटो ‘रॉ’ स्वरूपातच घ्यायचा. मोबाइल किंवा कॅमेरा स्वतःहून जो सुंदर फोटो बनवून देतो, त्यात आकडे चेपलेले असतात. लग्नाच्या अल्बमला ते चालते, मापाला नाही. आम्ही आयएसओ ४००, ॲपर्चर ४ आणि पाच सेकंदांचा वेळ ठेवला. तिपाई स्थिर असताना याहून जास्त वेळ दिला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याची रेघ उमटते. फोकस मुद्दाम किंचित बिघडवायचा. हे ऐकून माझा भाचा कळवळला. पण तारा अगदी टोकदार असला की त्याचा सगळा उजेड दोन-चार ठिपक्यांवर पडतो आणि ते ठिपके काठोकाठ भरून जातात. १४ बिटच्या कॅमेऱ्यात एका ठिपक्याचा आकडा १६,३८३ च्या वर जाऊच शकत नाही. भांडे भरल्यावर वरून कितीही पाणी ओता, माप तेवढेच. म्हणून तारा छोट्या रवाळ चकतीसारखा पसरवायचा आणि कोणताही ठिपका १२,००० च्या आत ठेवायचा. फोकसची कडी मग सेलोटेपने चिकटवून टाकली.

आमचे पहिले तीन रात्रींचे काम वाया गेले, कारण मी मुलींना फक्त ताऱ्यांचे फोटो घ्यायला लावले होते. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढण्यासाठी वेगळे फोटो घ्यावे लागतात हे मी वाचले होते, पण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून दिले होते. ते समजावताना माझी गाडी अडली. तेव्हा मुलीचे अब्बा घरी होते, दुसरी पाळी संपवून आलेले. ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हातात. थोडे ऐकून ते म्हणाले, "मॅडम, हे तर आमचंच काम आहे. व्हर्नियरचे जबडे मिटल्यावर शून्य शून्यावर नसेल, तर पुढचं सगळं माप खोटं. आधी झिरो एरर काढायची, मग नग मोजायचा."

त्यानंतर मला काही समजवावेच लागले नाही. त्यांच्याच भाषेत सांगते.

लेन्सला झाकण लावून अगदी कमीत कमी वेळाचा, सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा फोटो घेतला तरी आकडा शून्य येत नाही. कॅमेरा स्वतःचा काही ठरावीक आकडा त्यात घालूनच देतो. ही झाली झिरो एरर. याला ‘बायस’ म्हणतात. दुसरा दोष उष्णतेचा. झाकण लावलेलेच ठेवून, ताऱ्याच्या फोटोइतकाच, म्हणजे पाच सेकंदांचा, त्याच आयएसओवर फोटो घेतला, तर अंधारातही काही ठिपके उजळलेले दिसतात, कारण गरम झालेला सेन्सर स्वतःच विजेचे कण सोडतो. हा ‘डार्क’. तो त्याच रात्री, त्याच थंडीत, गच्चीवरच घ्यायचा. आम्ही पहिल्यांदा तो दुसऱ्या दिवशी दुपारी, उबदार खोलीत घेतला होता. तो फेकून द्यावा लागला. डार्कमध्ये बायस आपोआप आलेलाच असतो, त्यामुळे ताऱ्याच्या फोटोतून डार्क वजा केला की दोन्ही दोष जातात.

तिसरा दोष सगळ्यात फसवा. लेन्समधून आलेला प्रकाश मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यांकडे कमी पडतो. वर धुळीचे कण. एकच तारा फोटोच्या मध्यात एक आकडा देतो आणि कोपऱ्यात दुसरा. यासाठी ‘फ्लॅट’ घ्यायचा, म्हणजे सगळीकडे सारखा पांढरा उजेड असलेल्या वस्तूचा फोटो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून, लेन्सवर सुती पांढरी ओढणी दोन पदरी ताणून आम्ही तो काढला. फोकस आणि ॲपर्चर मात्र ताऱ्यांच्या वेळी होते तेच. म्हणून हे काम रात्रीचे फोटो संपल्यावर, सेलोटेप न काढता करायचे. फ्लॅटमधून बायस वजा करायचा, त्याची सरासरी एक येईल असे करून घ्यायचे, आणि ताऱ्याच्या फोटोला त्याने भागायचे. वजाबाकी आधी, भागाकार नंतर. प्रत्येक प्रकारचे एकच नव्हे, पंधरा-वीस फोटो घ्यायचे आणि त्यांचा मध्यक वापरायचा. नववीच्या मुलींना मध्यक परीक्षेपुरता माहीत होता. त्याचा काही उपयोग असतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

अब्बांनी एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "आमच्याकडे प्रत्येक गेजवर स्टिकर असतं, कॅलिब्रेशन कधी झालं आणि परत कधी करायचं. तुमच्या फ्लॅटची ड्यू डेट कधी?" मी म्हटले, लेन्स काढली, फोकस हलला किंवा धूळ बसली की त्याच दिवशी. मुलीने वहीच्या पहिल्या पानावर तसा तक्ता आखला.

वेळेची नोंदही मापाइतकीच महत्त्वाची. कॅमेऱ्याचे घड्याळ आम्ही दर रात्री मोबाइलशी जुळवून घेत होतो, कारण अल्गोलच्या ग्रहणात पंधरा मिनिटांचा घोळही आलेखावर उघडा पडतो. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहायची आणि मग तिचा ज्युलियन दिनांक करायचा. ज्युलियन दिनांक म्हणजे सलग मोजलेले दिवस, महिने-वर्षे काही नाही. १ जानेवारी २००० च्या दुपारी जागतिक वेळेप्रमाणे २४,५१,५४५ वा दिवस सुरू झाला. मुलींना गंमत वाटली ती याची की हा दिवस दुपारी बारा वाजता बदलतो. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, आपली इस्लामी तारीख मगरिबला, आणि खगोलज्ञांची दुपारी. म्हणजे युरोपातल्या निरीक्षकाची एक रात्र दोन तारखांत तुटत नाही. आपल्याकडे मात्र ती संध्याकाळी साडेपाचला बदलते, आणि तीही सोयीचीच.

मापाचे काम लॅपटॉपवर. रॉ फोटोतून फक्त हिरवा रंग वेगळा काढायचा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात आणि हिरव्याचे माप शास्त्रज्ञांच्या प्रमाणित मापाच्या सर्वांत जवळ जाते. ताऱ्याभोवती एक वर्तुळ, त्याच्या बाहेर एक कडे. वर्तुळातला सगळा उजेड मोजायचा, कड्यातल्या रिकाम्या आभाळाचा त्याच क्षेत्रफळापुरता वजा करायचा. उरलेला आकडा ताऱ्याचा. समजा तुलनेच्या ताऱ्याचा आकडा ४०,००० आला, त्याची माहीत असलेली प्रत १.८, आणि अल्गोलचा आकडा २५,०००. भागाकार ०.६२५. त्याचा लॉगॅरिदम उणे ०.२०४. त्याला उणे २.५ ने गुणले की ०.५१. म्हणजे अल्गोल ०.५१ ने मंद, त्याची प्रत २.३१. एवढेच. दहा फोटोंची अशी दहा उत्तरे काढून सरासरी घ्यायची, कारण तारे लुकलुकतात आणि एकट्या फोटोवर विश्वास ठेवता येत नाही.

आता माझी चूक. दोन्ही मुलींपैकी जी अधिक चिकाटीची, तिने दीड महिन्यात अकरा रात्री मोजल्या. ग्रहण नसताना अल्गोलची प्रत २.१ च्या आसपास स्थिर राहायला हवी. तिच्या आलेखात ती हळूहळू सरकत होती. पहिल्या आठवड्यात २.१, मग २.०, आणि शेवटच्या तीन रात्री १.९. तारा उजळत चालला होता! अल्गोल असे करत नाही हे मला पुस्तकातून माहीत होते. मी म्हणाले, "शेवटच्या तीन रात्री धुके होते, त्या सोडून दे. बाकीच्यांचा आलेख छान आला आहे." शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला चार दिवस उरले होते आणि मला तो आलेख स्वच्छ हवा होता. हे खरे कारण.

ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. आकडे तसेच होते. म्हणाली, "टीचर, धुकं तर दोन्ही ताऱ्यांवर सारखंच येतं ना? तुम्हीच सांगितलं होतं. मग फरक का पडेल?" आणि मग जरा घाबरत, "मी मोजलंय ते कसं खोडू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. हदीसच्या अभ्यासात सनद विचारतात, कोणी कोणाकडून ऐकले, मधली कडी कोणती. आम्ही वर्गात हे अभिमानाने सांगतो. आणि मी त्याच वर्गातल्या मुलीला मधल्या तीन कड्या काढून टाकायला सांगत होते, केवळ शेवट मला आवडला नाही म्हणून.

कोडे अब्बांनी सोडवले, तेही खगोलातले अक्षर माहीत नसताना. त्यांनी विचारले, "सगळे नग एकाच बाजूला चुकतायत?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग नग बघू नका. मास्टर पीस बघा."

आमचा मास्टर पीस म्हणजे तुलनेचा तारा. मुलीने अल्गोलच्या अगदी शेजारचा रो पर्सेई निवडला होता, कारण तो जवळ होता आणि फोटोत दोघे सारख्याच ठिकाणी येत होते. कल्पना वाईट नव्हती. मीही होकार दिला होता. पण रो पर्सेई स्वतःच बदलणारा तारा आहे. हा लाल, फुगलेला, म्हातारा तारा साधारण ३.३ ते ४ प्रतींच्या दरम्यान काही आठवड्यांच्या अनियमित चालीने वरखाली होतो. तो मंद होत गेला आणि आम्ही त्याला स्थिर मानत होतो, म्हणून हिशेबात अल्गोल उजळत गेला. अल्गोलच्या नवशिक्या निरीक्षकांची ही जुनी फसगत आहे. नकाशाखालची टीप मी वाचली असती तर टळली असती.

फोटो मात्र सगळे जपून ठेवले होते. रॉ फोटो कधी पुसू नयेत, ते यासाठी. आम्ही त्याच अकरा रात्रींचे फोटो पुन्हा मोजले. या वेळी तुलनेला मिरफक घेतला, १.८ प्रतीचा, पिवळसर पांढरा. नाव अरबीच, अर्थ कोपर. आणि राखणीला तिसरा तारा, गॅमा पर्सेई, २.९ प्रतीचा. त्याची प्रत आपण मिरफकवरून दर वेळी मोजायची आणि ती तशीच येते का पाहायचे. तशीच आली तर मास्टर शाबूत. दोनेक तासांच्या हिशेबानंतर अल्गोल सगळ्या रात्री २.१ च्या आसपास बसला, अर्ध्या दशांशाच्या फरकाने. त्याच फोटोंत रो पर्सेई दीड महिन्यात दोन दशांशांनी उतरलेला स्पष्ट दिसत होता. ज्या तीन रात्री मी खोडायला सांगितल्या होत्या, त्यांनीच तो उतार दाखवला.

प्रदर्शनात दोन्ही आलेख लावले, आधीचा चुकलेलाही. परीक्षकांपैकी एकाने चुकलेला कशाला लावला असे विचारले. मुलीने उत्तर दिले ते मला दुरून ऐकू आले नाही.

ग्रहणाची रात्र जानेवारीत मिळाली. अल्गोलचे किमान एकदा मध्यरात्रीनंतर एक वाजता आले तर पुढचे तीन रात्रींनी, दहाच्या आत येते, कारण दर वेळी ते सव्वातीन तासांच्या आसपास आधी सरकते. म्हणून सोयीच्या वेळा जोडीने येतात आणि मग दोनेक आठवडे काही नाही. त्या रात्री आठ वाजता अल्गोल डोळ्यांना दिसत होता. साडेनऊला अम्मींनी विचारले, "कुठे गेला?" आमच्या आभाळात ३.४ प्रतीचा तारा डोळ्यांना दिसतच नाही. कॅमेऱ्यात मात्र तो होता. दर पंधरा मिनिटांनी दहा फोटो, असे बारा वाजेपर्यंत चालले. अम्मी खाली गेल्या नाहीत. बारा वाजता, "आला, आला," असे त्याच आधी म्हणाल्या.

असे काम करणाऱ्यांची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र खजिन्यात कारकून होते. दिवसा सरकारी नाणी मोजायची आणि रात्री बदलत्या ताऱ्यांचा उजेड. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी अमेरिकन संस्था एएव्हीएसओ १९११ मध्ये सुरू झाली. चंद्र यांनी तिला हजारो नोंदी पाठवल्या आणि तिने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पू या तरुणाकडे गेली. बाप्पू हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या सावलीत वाढले, वडील तिथे नोकरीला होते. ही वेधशाळा नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशाने मागवलेल्या दुर्बिणीतून १९०१ मध्ये उभी राहिली, आणि तिथून सुमारे आठ लाख ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. आपल्या मराठवाड्यातली कित्येक घरे तेव्हा त्याच राज्यात होती, पण शाळेत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आणि जवळचे सांगायचे तर, चाकणवरून जाणारा नाशिक रस्ता धरून मंचरच्या पुढे आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिथेही बायस आणि फ्लॅट घेतल्याशिवाय मापाला हात लावत नाहीत. कंपनीच्या बसमधून रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या अब्बांना ती कुठे आहे हे माहीत नव्हते. आता त्यांना रविवारची सुट्टी जोडून जायचे आहे. पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना वेध घ्यायला शिकवते. ज्यांना एकट्याने सुरुवात करायला भीती वाटते त्यांनी तिथे जावे.

घरच्यांसाठी दोन-तीन गोष्टी. मुलगी रात्री गच्चीवर जाणार असेल तर घरातले कोणीतरी मोठे बरोबर बसावे, पहारा म्हणून नव्हे, सोबत म्हणून. कठडा कमी असेल तर कॅमेरा गच्चीच्या मध्यावर लावावा. फोटो काढताना सगळे डोळे वर असतात. वही शाईनेच लिहावी, चुकले तर एक रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. पहिली रात्र फक्त फोकस आणि घड्याळ जमवण्यात घालवावी. अल्गोल मार्चनंतर मावळतीला झुकतो. तेव्हा पावसाळ्यानंतर वृषपर्वा समूहातला डेल्टा सेफाय घ्यावा. तोही गुडरिकनेच शोधलेला, सव्वापाच दिवसांहून थोड्या अधिक काळात ३.५ वरून ४.४ पर्यंत उतरून परत वर येतो, आणि त्यासाठी कोणत्याच रात्री जागावे लागत नाही. रोज एक माप पुरते.

माझ्या विद्यार्थिनीने मात्र दुसरेच ठरवले आहे. ती आता रो पर्सेई मोजते आहे. मिरफक मास्टर, गॅमा राखणीला, दर शनिवारी एक माप. भाच्याला सांगून ठेवले आहे की शनिवारची लग्ने दुसऱ्या कॅमेऱ्याने काढ.